म्हशीचा चीक, वहिनीचा चीक

रिनाच्या अंगात कालपासून नर्सबाई संचारली होती. आरोग्य केंद्राच्या बाईंनी शाळेत बाळाच्या पहिल्या दुधावर नाटुकलं बसवलं, दहावीच्या पोरी लाजून मागे सरकल्या, आणि नववीतल्या रिनाने डोक्याला पांढरी ओढणी बांधून स्टेज गाजवलं. टाळ्या काय पडल्या म्हणता! तेव्हापासून वरोऱ्याच्या कापसाच्या जिनिंगमागच्या वस्तीत ती चालत नव्हती, तरंगत होती.

आणि नेमकी आज पहाटे तिची सत्यशीलावहिनी घरीच बाळंत झाली. पोरगी! लालबुंद, चिमुकली, अन् आवाज असा की जिनिंगच्या भोंग्याने कान धरावेत.

"भूक लागली तिले," रिना म्हणाली.

"मंग देतो ना साखरपाणी." बायनाबाईने कापसाचा बोळा वाटीत बुडवला. निम्म्या वस्तीची बाळंतपणं तिच्याच हातची. "तीन दिवस अंगावर पाजाचं नाई. पहिला चीक जड रायते. पिळून फेकाचा."

वहिनीचे हात पोरीकडे गेले आणि अर्ध्यातच थांबले. बायनाबाईपुढे बोलायची तिच्या नवऱ्याची, खुशालदादाचीही टाप नव्हती, तिथे ही काय बोलणार!

नाटकात साखरपाण्याने आजारी पडलेलं बाळ म्हणजे फडक्यात गुंडाळलेला पाट होता. ही तर खरी होती, मुठी आवळून रडत होती. रिना ताडकन उठली आणि तोंडातून स्टेजवरचंच निघालं, "भगिनींनो!"

"मी भगिनी दिसतो का तुले?" बायनाबाई खेकसली. "चूप बस, पोट्टे!"

वहिनी पदराआड फिसकन हसली. तेवढ्यात शेजारच्या, काल म्हैस व्यायलेल्या घरच्या खुर्शीदाभाभी ताट घेऊन आत आल्या. "भैस बियाई ना! लो, खरवस."

झालं! बोळा वाटीत, वाटी खाली, आणि बायनाबाईची बोटं ताटात. "वा वा, चीक असावा तर असा! पण भाभी, पारडूले आधी पाजला ना?"

"फिर! पहले उसीकोच. नै तो खडा कैसा होयेंगा वो?"

"हाव, चीक नाई भेटला त पारडू जगत नाई," बायनाबाई बोटं चाटत म्हणाली.

रिनाचे डोळे लकाकले. "बाई, पारडूले चीक, अन् आमच्या पोरीले साखरपाणी? आमची पोट्टी पारडूहून बी गेली काय वं?"

बायनाबाईचं बोट तोंडातच राहिलं. खुर्शीदाभाभी खो-खो हसत दाराला टेकल्या. रिनाला हसू फुटलं, वहिनीलाही फुटलं. आणि हसता हसताच वहिनीने कोणाला न विचारता पोरीला उचलून पदराखाली घेतलं.

भोंगा बंद! आता नुसता चुटूचुटू आवाज.

सगळ्यांचे डोळे बायनाबाईवर. तिने खरवसाचा शेवटचा तुकडा तोंडात टाकला, बोळा काढून फेकला, वाटी उचलली आणि साखरपाणी स्वतःच गटागटा पिऊन टाकलं.

"पाह्यता काय? वाया जाऊ देऊ काय?" ती म्हणाली. "अन् तू वं, भगिनी! तिच्या डोक्याखाली हात दे, नीट पिऊ दे तिले."