ओठ न हलवता

आचल नांदगाव पेठेतल्या एका कापड कारखान्यात कंत्राटावर होती. कारखान्यातले सगळे कॉम्प्युटर एकमेकांशी जोडलेले ठेवायचे आणि कुठे जोड तुटला की धावायचं, हे तिचं काम. चार वर्षं ती छताला शिडी लावून वायरी ओढत आली होती. मग नवा साहेब आला. पाच महिन्यांची मुदत, शेवटच्या महिन्याच्या तीस तारखेच्या आत नेटवर्किंगचं सर्टिफिकेट आणा, नाहीतर कंत्राट संपलं, असं त्याने सांगून टाकलं. हातातलं काम कुणाला दिसत नाही, कागद मात्र लांबून दिसतो.

पाच महिने तिने घरीच अभ्यास केला. बाकी सगळं तिला येत होतं, घोडं अडायचं ते कॉम्प्युटरच्या पत्त्यांच्या गणितापाशी. एका मोठ्या जाळ्याचे लहान लहान तुकडे पाडायचे आणि प्रत्येकाचा आकडा झटपट काढायचा. तिथे तिचे वडील कामी आले. देवराव मास्तरांनी छत्तीस वर्षं अंजनगाव सुर्जीच्या शाळेत पोरांकडून पाढे घोटवून घेतले होते. नेटवर्किंगमधलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, पण पाठांतर कळत होतं. "ओठ हालले नाई त पाठ झालं नाई," असं म्हणून ते रोज संध्याकाळी मांडीवर वही घेऊन बसत. आचल म्हणायची, "एकशे अठ्ठावीस, एकशे ब्याण्णव, दोनशे चोवीस, दोनशे चाळीस..." अडखळली की मास्तर पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावत. पाचव्या महिन्यात तिच्या तोंडून आकडे नळाच्या पाण्यासारखे येऊ लागले.

परीक्षा घरूनच द्यायची होती. कॅमेऱ्यातून कुणीतरी पाहत राहणार, खोलीत दुसरं माणूस नको, आवाज नको. आवाजाचा बंदोबस्त मास्तरांनी आपल्याकडे घेतला. आचलच्या आईला, मैनाबाईंना, जुना खोकला. त्यांची आदल्या दिवशीच अकोल्याला, जठारपेठेतल्या बहिणीकडे रवानगी झाली. "माह्याच घरातून मले हाकलून राहिले बाप्पा," म्हणत त्या हसत बसमध्ये चढल्या. परीक्षेच्या दिवशी सकाळी अकराला मास्तर अंगणात खुर्ची टाकून बसले आणि भाजीवाल्यालाही त्यांनी कोपऱ्यावरूनच परत पाठवलं.

नियमांची बारा पानं इंग्रजीत होती. आचलने ती सगळी वाचली होती. पुटपुटू नये, हेही वाचलं होतं. आपण कुठे कुणाशी बोलणार आहोत, असं म्हणून ती पुढे गेली होती.

पहिले दहा प्रश्न हातचा मळ. अकरावा पत्त्यांचा आला आणि पडद्यावर एक ओळ उमटली. तुमचे ओठ हलत आहेत, ही एकच सूचना, पुन्हा झाल्यास परीक्षा रद्द.

तिने ओठ घट्ट मिटले. आणि आकडे गेले. एकशे ब्याण्णवच्या पुढे काहीच येईना. हे सगळं आपल्या डोक्यात नव्हतंच, तोंडात होतं, हे तिला पाच महिन्यांत पहिल्यांदा कळलं. तिने तीन गणितं सोडून दिली, खालचा ओठ दातांत धरला आणि पुढचे प्रश्न सोडवत राहिली. वेळ भरपूर होता. मग पत्त्याचं आणखी एक गणित आलं आणि या वेळी आकडे आपोआप लागत गेले. तिला इतकं बरं वाटलं, की ओठ दातांतून कधी सुटला ते समजलंच नाही.

पडदा पांढरा झाला. परीक्षा रद्द केल्याचं दोन ओळींत लिहिलं होतं. तिने चोरी केली नव्हती, पण ते सांगायचं कुणाला? पाहणाऱ्याचं तोंडही तिने पाहिलं नव्हतं.

दार उघडताच मास्तर उठले. "झाला पेपर? एवढ्या लवकर? शाळेत बी सगळ्यात आधी तूच पाटी ठेवायची!"

तेवढ्यात त्यांच्या हातातला फोन वाजला. "आता खोकलू ना मी?" पलीकडून मैनाबाई विचारत होत्या.

"नापास झाली मी, बाबा," आचल म्हणाली.

मास्तरांनी फोन बंद केला. "काहून?"

खरं उत्तर जिभेवर होतं. ते सांगितलं असतं तर या म्हाताऱ्या माणसाने रात्रंदिवस तेच उगाळलं असतं. तिची छाती झालीच नाही.

"अभ्यास कमी पडला."

 मास्तर आत जाऊन वही घेऊन आले. "मले वाटतच होतं. मागच्या आठ दिवसांत तुहा आवाजच निंघत नव्हता. पुन्हा देऊ आपण परीक्षा. बस. मोठ्यानं म्हण."

परीक्षेची पुढची तारीख थेट पुढच्या महिन्यातल्या सहाची होती, आणि सहाला कारखान्यात तिची जागा राहणार नव्हती. मास्तरांना ते माहीत नव्हतं. वही उघडून ते वाट पाहत होते.

आचल समोर बसली. घसा खाकरला आणि खणखणीत आवाजात म्हणू लागली. शेवटापर्यंत ती एकदाही चुकली नाही.