सायलेन्सरच्या तोंडातला झेंडू

मित्रांनो, मला पाहून लगेच नाक मुरडू नका. मी एक जुना सायलेन्सर आहे, ग्वाल्हेरच्या गोरखी भागात राहणाऱ्या महिपतरावांच्या जीपचा. अंगावर गंज आहे, पोटाला ठिगळं आहेत; पण कामात मी कधी कुचराई केलेली नाही.

किला गेटजवळच्या एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. पत्रा वाकवून माझं पोट केलं, आत भोकाभोकांच्या नळ्या बसवल्या आणि मला एकच काम सांगितलं: इंजिनाचा सगळा राग पोटात घालायचा. चंबळच्या घळींत मी दगडांवर आपटलो, नाल्यांत बुडालो. पण पाण्यातून जाताना महिपतराव ॲक्सिलरेटरवरचा पाय ढिला सोडत नसत, म्हणून माझ्यात कधी पाणी शिरलं नाही. "आवाज बघा कसा घरंदाज आहे!" असं ते पाहुण्यांना सांगत, तेव्हा मी मनातल्या मनात फुलून जाई.

या घराण्याचे पूर्वज शिपाईगडी. त्यांच्या तलवारी आता भिंतीवर असतात. खंडेनवमीला त्या खाली उतरतात आणि त्यांच्याबरोबर जीपचीही पूजा होते. पूजा झाली की शस्त्रांना विश्रांती. तलवारी म्यानात जातात. जीपला म्यान कुठलं? म्हणून सूनबाई उषाताई लाल फडक्यात झेंडू बांधून त्याचा बोळा माझ्या तोंडात बसवतात. दसऱ्याला महिपतराव तो आपल्या हातानं काढतात आणि जीप सीमोल्लंघनाला शहराबाहेरच्या आपट्यापर्यंत जाते. वर्षभर मी त्या दिवसाची वाट पाहत असतो.

यंदा महिपतरावांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. काठी टेकत ते फाटकापर्यंत जाऊ लागले होते, तरी नातवानं, उत्कर्षनं, परस्पर ठरवून टाकलं की आबा या वर्षी घरीच आराम करणार. आबांना कुणी विचारलंच नाही. उत्कर्ष मनानं वाईट नाही हो. त्याला फक्त मी नको होतो. टपापर्यंत उंच जाणारा, खोल पाण्यातही तोंड वर ठेवणारा नवा पाइप त्यानं आणून ठेवला होता. "जुना चालतोय तोवर हात लावायचा नाही," असं आबांनी बजावल्यामुळे तो कोपऱ्यात पडून होता.

दसऱ्याच्या सकाळी उत्कर्षनं चावी फिरवली. उंदीर ओढतील म्हणून उषाताईंनी यंदा बोळा पार आत ढकलला होता. तो काढायचं काम नेहमी आबांचं, त्यामुळे उत्कर्षच्या ते ध्यानातही आलं नाही. जीप ठसकली आणि बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद. मी आतल्या आत तळमळत होतो, पण सांगणार कसा?

मेकॅनिक विक्रमसिंह आला. त्यानं मला खोलून बाजूला केलं आणि इंजिन लगेच सुरू झालं. "साइलेंसर चोक है भैया। इसका टाइम हो गया," तो म्हणाला. उत्कर्षला तेवढंच हवं होतं. नवा पाइप चढला, त्याच्या गर्जनेनं छपरावरची कबुतरं उडाली आणि मी भंगाराच्या पोत्याशेजारी येऊन पडलो. खोटं कशाला सांगू, मला रडू येत होतं.

आवाज ऐकून महिपतराव काठी टेकत बाहेर आले. डोक्याला ठेवणीतला फेटा होता.

"हे काय ओरडतंय?"

"आबा, पुराना सायलेन्सर एकदम बेकार झाला. तुम्ही आत चला ना, आराम करा."

महिपतराव माझ्याकडे बघत उभे राहिले. तेवढ्यात उषाताई ओवाळायचं ताट घेऊन आल्या आणि मला पाहून थबकल्या.

"अगं बाई! उत्कर्ष, बोळा काढला होतास ना?"

"कौन सा बोळा, आई?"

ताट खाली ठेवून त्यांनी स्वयंपाकघरातला चिमटा आणला, माझ्या तोंडात घातला आणि लाल फडकं ओढून काढलं. काळवंडलेले झेंडू अंगणात सांडले. "माझीच चूक, आबासाहेब. मीच इतका आत कोंबला," त्या म्हणाल्या. विक्रमसिंह उगाचच पाना पुसू लागला.

उत्कर्षनं फुलांकडे पाहिलं, मग आबांच्या फेट्याकडे. त्याचा चेहरा पडला.

"आबा, तुम्हाला यायचं होतं?"

"मग हा फेटा काय झोपायला बांधलाय?"

त्यानं विक्रमसिंहकडून पाना घेतला आणि मला स्वतः पुन्हा चढवलं. नवा पाइप घळींत जाण्यासाठी राखून ठेवला आहे. माझं त्याच्याशी वैर नाही. मग उत्कर्षनं आबांना आधार देऊन पुढच्या सीटवर बसवलं आणि आम्ही माझ्या जुन्या आवाजात सीमोल्लंघनाला निघालो.

मित्रांनो, मी खरंच फुटलो तर मला खुशाल भंगारात टाका. पण त्याआधी माझ्या तोंडात एकदा चिमटा घालून बघा. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला मागे ठेवून निघणार असाल, तर निदान फाटकापाशी थांबून विचारा, "येताय का?"