चौदशीचा डबा

ही नोकरी लागली तर त्रिशलाला काय मिळणार, याचा हिशेब घरात प्रत्येकाने आपापल्या सोयीने मांडला होता. सासरे कुंथुनाथ आप्पा यांच्या हिशेबात स्वतःच्या खतांच्या दुकानाचा परवाना होता. सून नगरपंचायतीत बसली की आपले कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर आपल्या पायांनी चालत जातील, असं त्यांचं गणित. सासूबाई लक्ष्मीबाईंना बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, बायकांपुढे सहज म्हणून टाकायला एक वाक्य मिळणार होतं. त्रिशलाचा हिशेब सगळ्यांत लहान होता. जन्म-मृत्यू नोंदणीची एक खिडकी, खिडकीमागे एक खुर्ची, आणि सकाळी दहापासून संध्याकाळपर्यंत ‘कुठं हायस गं?’ असं कुणी न विचारणं. लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि सदलग्याच्या त्या घरात तिने दार लावून कधी पुस्तकसुद्धा उघडलं नव्हतं.

जागा एकच होती, आणि बेळगावच्या त्या ऑफिसातल्या व्हरांड्यात मुलाखतीसाठी बाकांवर बसलेली माणसं वीस-पंचवीस. त्रिशला सकाळपासून प्रत्येकाला वजन केल्यासारखी बघत होती. ही नजर आप्पांनी दिलेली. आठवडाभर त्यांनी दुकानात युरियाच्या पोत्यांपलीकडे बसून साहेबाची भूमिका केली होती.

“नाव काय तुमचं?”

“त्रिशला अतुल—”

“थांब! नाव अर्जात लिवलंय की. मग परत कशाला इचारालाय त्यो? आधी त्याचा इचार करायचा, मग नाव सांगायचं.”

अशा तयारीतून कन्नड व्याकरण राहून गेलं असतं, पण ते तिला मुळातच येत होतं. आप्पांचे नियम मात्र तोंडपाठ झाले होते. बाहेर कुणाशी बोलायचं नाही. कुणी ‘जागा बघतो, जाऊन या’ म्हणालं तर उठायचं नाही. आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे, “ज्याचं आधीच ठरलंय, त्यो सगळ्यात शेवटी आत जातोय. बाकीच्यांनी काय सांगितलं ते समदं कळून जातंय त्याला.”

सकाळी शिपाई मारुतीरावांनी नंबरच्या चिठ्ठ्या वाटल्या तेव्हा शेवटची चिठ्ठी नेमकी त्रिशलाच्या हातात आली. मग ठरलेलं माणूस आपणच की काय, अशी शंका तिला क्षणभर चाटून गेली. पण आप्पांनी तसं काही केलं असतं तर आधी अख्ख्या सदलग्याला सांगितलं असतं. शंका मिटली.

लक्ष्मीबाईंनीही आपला वाटा उचलला होता. नेमकी चौदस आली होती. “एकाशन कर,” त्या म्हणाल्या होत्या. “मुलाखत तुझी, पुण्य घराचं.” एकाशन म्हणजे दिवसातून एकदाच बसायचं आणि एकदाच जेवायचं, तेही दिवस मावळायच्या आत. एकदा पानावरून उठलं की जेवण संपलं. पाणी त्याच बैठकीत, आणि त्यांच्या घरच्या रीतीप्रमाणे जेवताना मौन. त्यामुळे भाकरी, मटकी आणि शेंगदाण्याची चटणी भरलेला डबा पिशवीत तसाच होता. अर्धी भाकरी झाली आणि नंबर पुकारला, तर उठावं लागणार आणि उरलेली भाकरी घरी परत जाणार. मुलाखतीनंतरच जेवावं, असं तिने ठरवलं होतं. पण दुपार उलटली, चार वाजून गेले, आणि रांग काही संपेना.

शेजारी बसलेला माणूस चाळिशीला टेकला होता. इस्त्रीचा शर्ट, प्लास्टिकची फाइल, पायात धुळीच्या चपला. त्याने दोनदा तिच्या पिशवीकडे पाहिलं. त्रिशलाने पिशवी मांडीवर घेतली.

“आक्का, डबा उघडला न्हाईसा सकाळधरनं.”

तिने पिशवीचे बंद आवळले.

“चौदस न्हवं आज? म्हंजे एकाशन असणार तुमचं.”

आता मात्र तिने मान वळवली. याला कसं कळलं? कपाळावर लिहिलं नव्हतं.

“मी रवळू. लोंढ्याच्या अलीकडं गाव आमचं,” त्याने स्वतःच सांगितलं. “निपाणीत एका शेटजींच्या वखारीत होतो दोन वर्सं. मालकीणबाई चौदशीला असंच करायच्या. आता गावाकडं पंचायतीत हाय, टेंपरवारी. आट वर्सं झाली रजिस्टर लिवतोय. पुढच्या म्हयन्यात वय निघून जातंय बगा, म्हणून म्हटलं ही एक शेवटची खेप.”

आठ वर्षं रजिस्टर लिहिणारा माणूस! त्रिशलाने मनातल्या वजनात त्याला सगळ्यांच्या वर ठेवलं.

“जाऊन खाऊन या की खाली. तुमचा नंबर मी बघतो.”

बघतो म्हणे. आप्पांचा दुसरा नियम जसाच्या तसा समोर येऊन बसला होता. “मी बरी आहे,” ती म्हणाली आणि बाकाची कड घट्ट धरली.

साडेपाचला व्हरांड्यात दोघेच उरले. आधी रवळूचा नंबर, मग तिचा. भिंतीवरचं ऊन तांबूस होऊन वर चढू लागलं होतं. रवळू उठला, दाराशी उभ्या मारुतीरावांकडे गेला आणि त्यांच्या कानाला लागला. मारुतीरावांनी मान हलवली, नाही म्हणून. तो पुन्हा काही बोलला, हात जोडल्यासारखे केले. मग खिशातून काहीतरी काढलं आणि मारुतीरावांच्या मुठीत सरकवलं. मूठ मिटली.

त्रिशलाने सगळं पाहिलं. व्हरांड्याच्या त्या टोकाला उजेड कमी होता, पण आप्पांच्या सुनेला तेवढा पुरे.

“मुंदिनवरु बर्री,” पुढचे या, असं मारुतीराव कन्नडमधून ओरडले, आणि तिच्याकडे बोट केलं. “तुमीच, बाई. चला.”

“पण आधी यांचा—”

“चला म्हटलं न्हवं? येळ न्हाई.”

ती उठली. आत शिरता शिरता तिला आप्पांचा मोठा नियम आठवला. रवळू आता शेवटचा झाला होता.

आत तिघे होते. मधल्या मॅडमनी आधी कन्नडमधून विचारलं, मग मराठीतून. “एक बाई आली, नवऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्यात नाव चुकलंय म्हणाली. रडते आहे. तुम्ही काय कराल?”

“तिला बसायला सांगीन, मॅडम. आणि आधी दवाखान्याचा कागद बघीन.”

“ती म्हणाली, कागद हरवला, माझ्यावर विश्वास ठेवा?”

“तरी कागद बघितल्याशिवाय नाही.”

मॅडम शेजाऱ्याकडे पाहून हसल्या. “खिडकीवर असंच माणूस लागतं.”

मग त्यांनी पेन खाली ठेवलं. “एक सगळ्यांनाच विचारतोय. बाहेर कुणी पैसे मागितले? कुणी वशिला लावताना दिसलं? तक्रारी आल्यात म्हणून विचारलं. मोकळेपणानं सांगा.”

त्रिशलापुढे ती खिडकी होती, ती खुर्ची होती. नाही म्हणायला एक शब्द पुरला असता.

“माझ्या आधी ज्यांचा नंबर होता,” ती म्हणाली, “त्यांनी शिपायांच्या हातात काहीतरी दिलं. आणि मग नंबर बदलला.”

मॅडमनी समोरच्या कागदावर एक रेघ ओढली.

ती बाहेर आली तेव्हा रवळू दाराशीच उभा होता. “झाली का? जावा, जावा, ऊन हाय अजून,” असं म्हणत तो आत गेला. त्रिशला जिना उतरली, मागच्या अंगणातल्या नळावर हात धुतले, पायरीवर रुमाल अंथरला आणि डबा उघडला. उन्हाची पट्टी पायरीवरून अजून निघाली नव्हती. तिने मनात नमोकार म्हटला आणि पहिला घास घेतला.

दुसरा घास घेईपर्यंत वरून आवाज आले. मॅडमचा आवाज, मग मारुतीरावांचा, उंच आणि घाबरलेला: “मला कायबी दिल्यालं न्हाई साहेब, मला कायच म्हाईत न्हाई!” एक भाकरी संपायच्या आत रवळू जिन्यावरून खाली आला. फाइल काखेत होती. तिला पाहून तो थांबला.

“बसलासा? बरं झालं. मला वाटलं, ऊन जातंय आता.” तो दोन पायऱ्या सोडून बसला. “माझं काय झालं न्हाय. प्रश्नच न्हाय इचारले. म्हणाल्या, शिपायाला काय दिलंस? म्हटलं, माझी चिठ्ठी दिली. नंबर बदला म्हटलं, त्या आक्काचं एकाशन हाय, दिवस बुडला की उद्यापर्यंत उपाशी राहणार. तर मारुतीमामांना बोलावलं. ते बिचारे भेले. नंबर बदलणं म्हंजे त्यांच्या नोकरीवर यायचं. ते म्हणाले, मला म्हाईतच न्हाय. मग मी खोटा झालो.”

त्रिशलाचा हात डब्यात तसाच राहिला.

“कुणीतरी चहाडी केली असणार. सकाळचा तो चष्मेवाला बगा, लई टकामका बघत होता. त्यानंच जाताना सांगितलं असंल.” तो तिच्याकडे बघत होता, आणि त्या बघण्यात कसलाही हिशेब नव्हता. तिच्या तोंडाची हालचाल झाली तशी त्याने घाईने हात वर केला. “न्हाय न्हाय, तुम्ही बोलू नगासा. जेवताना बोलायचं न्हाय तुमच्यात. मला ठावं हाय. जेवा.”

नळाजवळ तिची बाटली रिकामी पडली होती. त्याने स्वतःच्या रुमालाची घडी नळाच्या तोंडाला लावून ती गाळून भरली, वखारीतल्या मालकीणबाईंना भरून देत असेल तशी, आणि तिच्या हाताला लागेल अशी ठेवली. “लोंढ्याची गाडी गावती का बघतो,” म्हणाला आणि फाटकाकडे गेला.

वर दिवा चालू होता. मॅडम अजून वर होत्या. जिना समोरच होता. दोन वाक्यांचं काम होतं. उठली असती तर जेवण तिथेच संपलं असतं, एवढंच. डब्यात एक भाकरी शिल्लक होती आणि ऊन पायरीच्या कडेला आलं होतं.

तिने भाकरी मोडली आणि सावकाश, चावून, शेवटच्या घासापर्यंत खाल्ली. पाणी प्यायली. डबा धुतला. तोवर मॅडमची गाडी फाटकाबाहेर गेली होती.

ऑर्डर आली. आता खिडकी आहे, खुर्ची आहे, आणि कागदाशिवाय त्रिशला कुणाचं काही ऐकत नाही, अशी तिची ख्याती आहे. लक्ष्मीबाई बस्तीत सांगतात, चौदशीच्या एकाशनाचं फळ. आप्पांच्या परवान्याचे कागद खरंच चालू लागले आहेत, आणि पाहुणे जेवायला बसले की आप्पा ताटावरूनच सांगतात, “लोक वशिला लावत्यात, पैसा ओतत्यात. आमच्या सुनंला कुणाला कायबी द्यावं लागलं न्हाय बगा. कुणाचंच काय गेलं न्हाय.”

पाहुणे त्रिशलाकडे बघतात. ती खाली मान घालून भाकरी मोडत असते. चौदस असो वा नसो, जेवताना ती आता बोलत नाही.