मे महिन्यात शेत बंद

माझ्या बाबांनी, काशीनाथरावांनी, सरकारी खात्यात पस्तीस वर्षं फायली रंगवल्या. निवृत्त झाल्यावर फायली संपल्या, खोड संपली नाही. ती शहाजीकाकांना भोवली.

गुडगावच्या पलीकडे आमचं दोन एकर शेत आहे. शहाजीकाका मूळचे साताऱ्याकडचे. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि इथेच राहिले. गेल्या वर्षी जूनमध्ये त्यांनी आमचं शेत कसायला घेतलं, पेरूची दोनशे रोपं लावली आणि दहा वर्षांचा करार मागितला. बाबांनी दिला अकरा महिन्यांचा! तोही दिल्लीत मुनिरक्यातली आमची खोली विद्यार्थ्यांना देताना वापरतात त्याच नमुन्यावर. 'भिंतीला खिळे ठोकू नयेत' हेसुद्धा तसंच. मग एक महिना जागा रिकामी, म्हणजे कुणाचा हक्क लागायला नको. तो महिना नेमका मे.

एप्रिलमध्ये मी बाबांना म्हटलं, "पेरू महिनाभर कुठे राहायला जाणार?"

"झाडं राहू देत. माणूस नको. बिल्कुल नको. लुंबिनी, तुला कळत नाही, कूळ लागलं की जमीन गेली."

"आजोबा जन्मभर दुसऱ्याच्या शेतात राबले. त्यांना कुणी असं हाकललं असतं तर?"

"म्हणूनच तर ही जपतोय!" बाबा ओरडले आणि दार आपटून फिरायला गेले. आमच्या घरात जमिनीच्या कागदावर लागलेलं पहिलं नाव त्यांचं. त्यांची भीती मला कळत होती, तरी डोकं फुटायची वेळ आली होती. शेजारच्या दोन शेतांत प्लॉटिंगच्या पाट्या लागल्या होत्या, आणि आम्ही शेती करणाऱ्यालाच बाहेर काढत होतो.

तीस एप्रिलला शहाजीकाकांनी पाण्याच्या मोटारघराची किल्ली आणून दिली. मेभर आमच्यातलं कुणी तिकडे फिरकलं नाही; एक जूनला आम्ही शेतावर गेलो. रोपं नव्हती, नुसत्या काड्या होत्या. कुंपणाबाहेर शहाजीकाका ताठ उभे होते.

"अहो, पाणी तरी घालायचं!" बाबांचा आवाज चिरकला.

"साहेब, मेमध्ये आत पाऊल नाही, असं तुम्ही लिहिलंत. मी सही केली होती. रोज सकाळी इथे येऊन बघून जात होतो."

मला ओरडावंसं वाटलं, पण कुणावर? दोघंही कागदाशी इमानदार.

बाबा खाली बसले. एक काडी मोडून बघत म्हणाले, "दहा वर्षांचा करू. रजिस्टर करून देतो. उद्याच चला."

"आता नको, साहेब. माझं वय बासष्ट. पुन्हा रोपं लावून पुन्हा वाट बघायची, ते जमायचं नाही. सोमवारपासून एका सोसायटीच्या गेटवर ड्यूटी धरलीय."

बाबांनी त्याच आठवड्यात दहा वर्षांचा करार लिहून काढला. कलमं चोख आहेत, खिळ्यांचं काढून टाकलंय. ऑगस्ट लागला, अजून तो घ्यायला कुणी आलेलं नाही. प्लॉटवाल्याचा फोन मात्र रोज येतो, आणि परवापासून बाबा तो उचलायला लागलेत.