घरट्यापुढची पाने

मित्रांनो, मी चहाच्या मळ्यातला एक जुना कोयता आहे. माझ्यासारख्या वस्तू आपले आयुष्य सांगू लागल्या की बहुधा उपेक्षेची तक्रार करतात : गंज चढला, अडगळीत पडलो, कोणी विचारत नाही. माझी तक्रार उलटी आहे. मला वेळीच अडगळीत टाकले असते, तर बरे झाले असते.

अनैमलै डोंगराच्या पायथ्याशी एका लोहाराने मोडीत निघालेल्या लॉरीच्या स्प्रिंगपाट्यातून मला घडवले. टोकाशी बाक दिला, फणसाच्या लाकडाची मूठ बसवली. मुनियांडी नावाच्या छाटणी कामगाराने मला घेतले, तेव्हा त्याच्या मिशा काळ्याभोर होत्या. त्या पांढऱ्या होईपर्यंत मी त्याच्याच हातात राहिलो.

चहाचे झुडूप दर चार-पाच वर्षांनी छाटावे लागते. काप तिरका आणि एकाच घावात व्हावा लागतो. साल फाटली, तर पाणी मुरते आणि फांदी कुजते. शिवाय झुडूप पुरते बोडके करत नाहीत. पानांनी भरलेली एक फांदी राखतात. मळ्यात तिला झुडपाचे फुप्फुस म्हणतात, कारण नवे कोंब फुटेपर्यंत झुडूप तिच्यावरच श्वास घेते. ही फांदी निवडण्यात मुनियांडीचा हात धरणारा साऱ्या मळ्यात कोणी नव्हता.

छाटणीत कधी एखादे घरटे सापडे. मग ते झुडूप तो तसेच सोडून पुढे जाई. मुकादम ओरडे, "हे काय रे, मुनियांडी? हजामत करताना शेंडी ठेवलीस?"

"आत बाळंतीण आहे, साहेब. पोरं उडाली की करतो."

मुकादम हसत, शिव्या देत निघून जाई. त्या दिवसांत मला माझा अभिमान वाटे आणि तो रास्त होता. हे मुद्दाम सांगतो. कारण पुढे जे घडले, ते अज्ञानातून घडले अशी पळवाट मला उरू नये.

मग छाटणीची यंत्रे आली, मुनियांडी निवृत्त झाला आणि मी लाइनीतल्या, म्हणजे मळ्याच्या कामगार-चाळीतल्या, त्याच्या घरी खुंटीला लागलो. घरात त्याची मुलगी पेच्चि, जी मळ्यात पाने खुडते, आणि तिचा नवरा करुप्पसामी. करुप्पसामी पूर्वी मळ्याची जीप चालवी. आता बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांना पक्षी दाखवी. पाहुणे कोणत्या गावचे होते, ते सांगत नाही. तुमच्याच ओळखीचे निघायचे.

मार्चमधल्या एका दुपारी करुप्पसामी सासऱ्यापुढे येऊन उभा राहिला.

"मामा, उद्या सकाळी जरा येता का? थोडी पानं काढायचीत."

"कुठल्या झुडपाची?"

"चहाची नाही. ओढ्याकाठी त्या राखाडी डोक्याच्या बुलबुलाचं घरटं सापडलंय. हा पक्षी फक्त आपल्या या डोंगररांगांत असतो. पाहुणे त्याच्यासाठीच इतक्या लांबून आलेत. पण पुढं पानंच पानं. काही दिसत नाही."

पेच्चि कॉफी गाळत होती. ती म्हणाली, "दिसू नये म्हणूनच तिनं तिथं बांधलंय. तुम्ही आपलं घर काय बसस्टँडवर मांडलंय?"

"तू गप गं! मामा, मीच कापलं असतं. पण माझा हात म्हणजे फावडं. तुमच्या हातानं कापलं, तर घरट्याला कळणारसुद्धा नाही."

मुनियांडीने मला खुंटीवरून काढले. दोन वर्षांत त्याच्या हाताची आठवण कोणी काढली नव्हती, आणि माझी तर नाहीच. त्याने मला दगडावर घासले, अंगठ्याने धार पाहिली. मित्रांनो, खोटे कशाला बोलू? मला आनंद झाला. माझ्या लाजेची सुरुवात त्या कापापासून होत नाही. ती या आनंदापासून होते.

सकाळी आम्ही ओढ्यावर गेलो. कमरेइतक्या उंचीच्या झुडपात वाटीसारखे घरटे होते आणि त्यात पिसे न फुटलेली दोन पिल्ले. नर-मादी डोक्यावर ओरडत घिरट्या घालत होती. करुप्पसामी पाहुण्यांना म्हणाला, "बघा, कसे बोलतायत!" बोलतच होते. काय बोलत होते, ते विचारण्याची तसदी कोणी घेतली नाही.

मुनियांडीने समोरच्या फांद्या कापल्या, एकेका घावात, साल न फाटता. घरटे हललेसुद्धा नाही. पाठीमागची एक पानांनी भरलेली फांदी त्याने निवडून राखली. "श्वास घ्यायला," तो पुटपुटला. चहाच्या झुडपाचा नियम त्याने घरट्याला लावला. झुडूप फांदीने श्वास घेते, हे चाळीस वर्षांत त्याला पुरते कळले होते. घरटे पानांआड जगते, हेही त्याला ठाऊक होते. पण त्या सकाळी चार माणसे त्याच्या हाताकडे कौतुकाने पाहत होती.

पाहुण्यांपैकी एक हाडांचे डॉक्टर होते. ते कॅमेऱ्याला डोळा लावून म्हणाले, "वा, आजोबा! काय सफाई आहे! ते डावीकडचं एक पान... हां. आणि ते वरचं. तोंडावर सावली पडतेय."

वरचे पान कापले. ते पान म्हणजे त्या घराचे छप्पर होते.

मग पाहुणे सहा पावलांवर बसले. तासाभराने मादी आली. दहाच्या सुमाराला ऊन थेट घरट्यात उतरले, तशी ती काठावर उभी राहिली, पंख पसरले आणि चोच उघडली. कॅमेरे वाळलेल्या शेंगांसारखे तडतडू लागले.

"बघ, बघ! काय माया आहे!"

मुनियांडी मागे उकिडवा बसला होता. त्याने हळूच विचारले, "ती खाली बसत का नाही?"

"पोझ देतेय, मामा," करुप्पसामी हसला.

ती माया नव्हती, असे मी म्हणत नाही. पण तिचे पंख त्या वेळी छत्री झाले होते आणि उघड्या चोचीने ती धापा टाकत होती. चारा आणायला गेली, तर पिल्ले भाजणार. थांबली, तर उपाशी राहणार. हा पेच तिच्यापुढे टाकून ते सुसंस्कृत गृहस्थ दुपारपर्यंत त्याचे फोटो काढत राहिले. निघताना त्यांनी बिस्किटांचे रिकामे पुडे आठवणीने गोळा करून नेले. निसर्गात कचरा टाकू नये, हे त्यांना ठाऊक होते.

मुनियांडीला चैन पडेना. दुसऱ्या दिवशी उजाडताच तो नेच्याची पाने घेऊन घरटे झाकायला गेला. मी त्याच्या कमरेला होतो. घरटे रिकामे होते. तुमच्याकडे ज्याचे दर्शन शुभ मानतात, तो भारद्वाज समोरच्या बांबूवर बसून चोच पुसत होता. त्याचा दोष नाही. दार आम्ही काढले होते. तो फक्त आत गेला.

पावसाळ्यानंतर टपालाने एक चौकट आली. तिच्यात पंख पसरलेली ती मादी होती आणि खाली छापले होते : 'मातृत्व. प्रथम पुरस्कार.' करुप्पसामीने ती पाहुण्यांच्या खोलीत टांगली. येणारा जाणारा वाहवा करी. मुनियांडी मात्र चित्राच्या डाव्या कोपऱ्याकडे पाहत राहिला. तिथे एक फांदी होती, टोकाला तिरका, गुळगुळीत, फिकट काप. साऱ्या जगात ती सही ओळखणारा तो एकटाच होता.

"अप्पा, छान आलंय म्हणतात सगळे," पेच्चि चाचरत म्हणाली.

"हो. पिल्लांना दाखवायचं राहिलं."

पात्यांनी जगात पुष्कळ गुन्हे केले आहेत. पण ते गुन्हे म्हणून ओळखले तरी गेले. माझा गुन्हा काचेत बसवून भिंतीवर लावला गेला आणि त्याला पदक मिळाले.

पुढच्या मार्चमध्ये डॉक्टर पुन्हा आले. या वेळी तीन मित्रांना घेऊन. त्यांना तसेच चित्र हवे होते. घरटे त्याच ओढ्याकाठी होते. मुनियांडीने मला न सांगताच खुंटीवरून काढले. त्याने या खेपेला मला दगडावर घासले नाही, इतकेच मला जाणवले. तो सर्वांच्या आधी तिथे पोचला आणि घरट्याच्या दहा पावले अलीकडे, पायवाट अडवून, मला मांडीवर आडवे ठेवून बसला.

"आजोबा, जरा बाजूला होता का? मागचं दिसत नाहीये."

"दिसू नये म्हणूनच बसलोय."

"मामा, काय चाललंय?" करुप्पसामी खालच्या आवाजात म्हणाला. "इज्जत काढता का माझी पाहुण्यांपुढं?"

"इज्जत गेल्याच वर्षी गेली, जावईबापू. तुमची आणि माझी, दोघांची." मग तो डॉक्टरांकडे वळला. "तुम्हाला चित्र हवंय ना, साहेब? माझं काढा. हा हात, हा कोयता. गेल्या वर्षी यांनीच तुमची ती दोन पिल्लं मारली. त्या चित्रात ते आलं नाही. आज काढा. ऊनही चांगलं आहे."

"अहो, आम्ही कुठं मारलं? निसर्गात हे चालतंच."

"मग काढा की! हाही निसर्गच."

चार महागडे कॅमेरे माझ्यासमोर होते. मी उन्हात चमकत होतो. एकाचेही बटण दाबले गेले नाही.

करुप्पसामीने पाहुण्यांच्या पिशव्या उचलल्या आणि तो जीपकडे चालू लागला. पुढे बरेच दिवस तो सासऱ्याशी बोलला नाही. त्या हंगामात त्याच्याकडे पाहुणेही कमी आले. मुनियांडीला याचे वाईट वाटे; पण त्या घरट्यातून दोन पिल्ले उडेपर्यंत तो रोज सकाळी त्याच वाटेवर बसला.

मित्रांनो, आज ना उद्या तुमच्याही हाती कॅमेरा येईल. लांबचे पाहणारी भिंगे माणसाने घडवली, ती जवळ जाण्याची गरज उरू नये म्हणून. एवढे ध्यानात असू द्या. पान आड आले, तर येऊ द्या. पक्षी ओरडू लागला, तर मागे फिरा. घरट्याचा ठावठिकाणा कोणाला सांगू नका. चित्र मिळाले नाही, तर रिकाम्या हाती घरी या. त्यात लाजण्यासारखे काही नाही. लाज कशाची वाटते, ते मला विचारा.

मला क्षमा मागायची आहे. पण जिची मागायची, तिची भाषा मला येत नाही. आणि ज्यांची येते, त्यांनी टाळ्या वाजवल्या.