खामखेडीचा बॉम्ब आणि सोनूबाईची विहीर

खामखेडीला बॉम्ब सापडला त्या दिवसापासून गावातल्या बाप्यांची अक्कल चरायला गेली, असं सोनूबाईचं स्पष्ट मत होतं. हे मत ती पाण्याला जाता-येता कुणालाही ऐकवायची. ऐकणारा हसायचा आणि पुढं जायचा.

बॉम्ब म्हणजे खरं तर तोफेचा गोळा. अठ्ठेचाळीस साली निजामावरच्या पोलीस ॲक्शनच्या वेळी फौजा जालन्याकडं आल्या तेव्हा कुठल्या तरी तोफेतून सुटला आणि न फुटताच नाल्याच्या गाळात रुतून बसला. चार वर्षांनी गाळ उपसताना तो फावड्याला लागला. हातभर लांब, दहा-बारा शेर वजनाचा, एका टोकाला निमुळता. ही गोष्ट भोकरदनला तहसिलीत कळवायला हवी होती. पण कळवलं असतं तर सरकारनं तो नेला असता, आणि मग गावाचे पोलीस पाटील रामराव यांनी मिशीवरून हात कशाच्या जोरावर फिरवला असता? त्यांनी तो चावडीच्या कोनाड्यात लाल फडक्यावर ठेवला आणि जाहीर केलं, की आता निंबोरीवाल्यांनी आपल्या शिवेकडं वाकड्या नजरेनं बघून दाखवावं.

गोळा जिवंत आहे की मेलेला, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पाटलांनी लोहार लालमियाँला बोलावून विचारलं. लालमियाँनं तो चारी बाजूंनी बघितला, पण बोट लावलं नाही.

"हातोडा मारून बराबर सांगतो, पाटील," तो म्हणाला. "जिंदा असंल तर मी जातो. मुर्दा असंल तर तुमची इज्जत जाती. बोला, मारू?"

पाटलांनी मारू दिला नाही. गावातल्या बायांनी मात्र दुसऱ्याच दिवशी गोळ्याला हळदीकुंकू वाहिलं. भीती वाटली की आपण हात जोडतो, ही आपली जुनी खोड आहे.

आता निंबोरी म्हणजे नाल्यापलीकडचं गाव, आणि दोन्ही गावांचं वैर म्हणजे बांधाचं वैर. बांध कोरणं ही कला कुणाला शिकवावी लागत नाही. नांगर वळवताना फाळ जरा तिरपा धरायचा, शेजाऱ्याच्या बांधाची हातभर माती आपल्या वावरात ओढायची, आणि वर तोंड करून विचारायचं, की बांध तर इथंच होता ना? खामखेडीत यावर एक उपाय होता. चैत्रात हनुमान जयंती झाली की घरटी एक माणूस फावडं आणि काठी घेऊन निघायचा. सगळे मिळून गावाच्या शिवेवरून फिरायचे, जिथं बांध कोरला असेल तिथं माती चढवायचे, शिवेच्या दगडाला चुना लावायचे, आणि म्हसोबापाशी बसून घुगऱ्या खायचे. तिला शीवफेरी म्हणत. चाळीस काठ्या बघून निंबोरीवाले आपापल्या झाडाखाली गपगुमान बसून राहायचे. कुणाचं डोकं फुटलं नाही, कुणाची कोर्टकचेरी झाली नाही.

बॉम्ब आला आणि शीवफेरी बंद पडली. बॉम्ब असताना उन्हात कोण हिंडणार?

सोनूबाईचं पाच एकरांचं रान नेमकं त्या शिवेला लागून होतं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलती लेक कुंभार पिंपळगावला दिलेली. रानाच्या कडेला, बांधापासून वीस-एक हातांवर, एक विहीर होती. सात परस, म्हणजे सात माणसं एकावर एक उभी राहतील इतकी खोल. ती तिनं आणि नवऱ्यानं तीन उन्हाळे खपून खोदली होती. तो खाली सुरुंगाची भोकं पाडायचा, ती वर पाट्या ओढायची. वैशाखातसुद्धा विहिरीचं पाणी तुटत नसे. ते पाणी होतं म्हणून सोनूबाई कुणाच्या दारी न जाता जगत होती.

बांधापलीकडं निंबोरीच्या श्रीपतीचं वावर. श्रीपतीकडं चार बैलजोड्यांचा लोखंडी नांगर होता आणि चेहरा असा, की दुसऱ्याची माती ओढतानाही सोयऱ्याच्या पंगतीत वाढतोय असं वाटावं. पहिल्या वर्षी त्यानं तीन हात बांध कोरला. सोनूबाई चावडीत गेली.

"किती गेला म्हन्ता, वैनी?" रामरावांनी विचारलं.

"तीन हात."

"तीन हातासाठी बॉम्ब फोडू? दुनिया काय म्हनंल?"

"बॉम्ब कोन फोडा म्हन्तंय? दरसालसारखी मानसं घेऊन चला."

"आता मानसं कशाला?" रामराव हसले. "बॉम्ब हाय की."

चावडीत शाळेचे नरहर गुरुजी बसले होते. औरंगाबादेचं वर्तमानपत्र त्यांना दोन दिवस शिळं मिळायचं आणि ते ताजं करून गावाला वाढायचे. त्यांनी सांगितलं, की रशिया आणि अमेरिका दोघांकडं अणुबॉम्ब आहेत आणि म्हणूनच दोघं एकमेकांच्या अंगावर जात नाहीत. याला धाकाचा समतोल म्हणतात. फार खोल शास्त्र आहे.

"गुरुजी," सोनूबाई म्हणाली, "त्या दोघांचं वावर एका बांधाला हाय का?"

"छे हो, मधे समुद्र आहे."

"मंग बराबर हाय. समुंदर कोन कोरंल?"

गुरुजींनी हे मनावर घेतलं नाही. शास्त्र बायकांशी बोलायचं नसतं, एवढं शास्त्र त्यांना पक्कं येत होतं.

दुसऱ्या वर्षी आणखी तीन हात गेले. तिसऱ्या वर्षी चार. त्याच वर्षी निंबोरीवाल्यांनी दवंडी पिटली, की आमच्याकडं दोन बॉम्ब आहेत आणि ते धान्याच्या पेवात, जमिनीखाली लपवून ठेवलेत. ते कुणीही पाहिले नाहीत, त्यामुळं त्यांच्यावर सगळ्यांचा लगेच विश्वास बसला. गुरुजी तर खूश झाले. समतोल पुरा झाला म्हणाले.

चौथ्या वर्षी सोनूबाईनं पाटलांना सरळच विचारलं, "रामराव, किती हात गेल्यावर फोडनार? एकदा आकडा सांगा. म्हंजी श्रीपतीला सांगते, त्याच्या एक हात अलीकडं थांब."

"ते सांगायचं नसतं, वैनी. सांगितलं की धाक गेला."

"अन् न सांगता रान चाललंय त्याचं काय?"

रामरावांनी गोळ्यावरचं फडकं सारखं केलं.

सत्तावन्न सालच्या वैशाखात विहीर आणि बांध यांच्यात चारच हात उरले. एका सकाळी सोनूबाई रानात गेली तर श्रीपती नांगर जुंपून उभाच होता.

"काकू," तो गोड आवाजात म्हणाला, "पुढल्या साली पानी लागलं तर मला विचारून घ्यायचं बरं का. न्हाई म्हननार न्हाई मी."

आजवर सोनूबाईनं राग राग केला होता, टोमणे मारले होते, पण विहीर जाईल हे तिच्या मनानं कधी खरं धरलं नव्हतं. ती तशीच उन्हातून चावडीत आली.

"विहिरीला हात तर लावू द्या," रामराव म्हणाले. "मंग दाखवतो."

"विहीर गेल्यावर बॉम्ब फोडून ती परत येती का?"

"बदला तर होईल."

"त्यांच्याकडं दोन हायत म्हन्तात. मंग खामखेडीबी जाईल."

"जाईल," रामराव शांतपणे म्हणाले. "पन निंबोरी आधी जाईल."

आणि ते जेवायला गेले. एखाद्या माणसाचा इतका संताप यावा की डोळ्यांत पाणी यावं, तसं सोनूबाईला झालं. तिनं इकडं तिकडं बघितलं. चावडीत कुणी नव्हतं. बॉम्बला राखण नव्हतीच. त्याच्या जवळ जायची कुणाची छाती नव्हती, तर राखण कशाला लागते? तिनं घरून शेणाची पाटी आणली, तिच्यात पोतं अंथरलं, गोळा उचलून ठेवला, वर गोवऱ्या रचल्या आणि पाटी डोक्यावर घेऊन भर दुपारी गावातून निघाली. वाटेत लालमियाँच्या भात्यापाशी थांबली. "हातोडा दे रे जरा, खुंटी ठोकायचीय," म्हणाली. त्यानं दिला.

श्रीपतीचे गडी भाकरी खाऊन नुकतेच उठत होते. सोनूबाईनं गोवऱ्या बाजूला केल्या आणि गोळा बांधावर ठेवला. गडी चार पावलं मागं सरले. श्रीपतीनं मुंडाशानं तोंड पुसलं.

"पाटलानं दिला?"

"मी आनला."

"फोडतीस?"

"विहीर गेल्यावर मला जगून काय करायचंय?"

श्रीपतीनं तिच्याकडं बघितलं, गोळ्याकडं बघितलं, मग विहिरीकडं बघितलं आणि तो हसला. "काकू, तू हा हितं फोडला तर आधी विहीरच बुजती. अन् तू विहीर बुजवनार न्हाईस. मला ठावं हाय."

त्यानं गड्यांना हाक मारली. बैल ओढू लागले. सोनूबाई हातोडा धरून बसून राहिली. मेला खरं बोलला होता. विहिरीच्या त्या चिऱ्यांवर घाव घालायला तिचा हात उचललाच नसता.

इकडं चावडीत जेवून आलेल्या रामरावांना कोनाडा रिकामा दिसला. त्यांनी जी बोंब ठोकली, ती राजूरच्या गणपतीपर्यंत गेली असेल. निंबोरीवाल्यांनी बॉम्ब पळवला, असा एकच गलका झाला. पाच वर्षं ज्या काठ्या आढ्याला धूळ खात होत्या त्या निघाल्या. नाला ओलांडायला म्हणून चाळीस बाप्ये शिवेकडं धावले. सोनूबाईचं रान वाटेतच होतं.

श्रीपतीनं त्या चाळीस काठ्या पाहिल्या. त्यानं बैल सोडले, नांगर तिथंच टाकला आणि गड्यांना घेऊन दूरच्या लिंबाखाली जाऊन उभा राहिला.

"वैनी, हे काय करून राह्यल्या?" रामरावांना धाप लागली होती. "द्या तो हिकडं. गावाचा हाय तो."

"बांधबी गावाचाच हाय," सोनूबाई म्हणाली. "आधी तो जुन्या जागी न्या. मंग हा घेऊन जा."

"अन् न्हाई नेला तर?"

सोनूबाईनं गोळा उचलून विहिरीपासून दूर, वावराच्या मधोमध नेऊन ठेवला. हातोडा वर धरला. "तर मारते. फुटला तर आपन समदे जातो. न्हाई फुटला," तिनं लिंबाकडं मान केली, "तर तो श्रीपती बघून राह्यलाय."

चाळीस जणांच्या तोंडचं पाणी पळालं. पण रामरावांचा चेहरा पडला तो दुसऱ्या वाक्याला. मरणाची तयारी त्यांनी सकाळीच दाखवली होती. निंबोरीसमोर उघडं पडायची त्यांची तयारी नव्हती. सोनूबाईनं ते बघितलं आणि तिला जवळजवळ कीव आली. पाच वर्षं ज्या गोळ्यानं श्रीपतीचा एक बैल थांबवला नाही, त्यानं एका घटकेत आपल्या धन्याला घाम फोडला होता.

"फावडी आना," रामराव म्हणाले.

मग काम झालं, आणि झकास झालं. हातांना जुनी सवय होती. शिवेचा दगड मातीखालून निघाला, त्याच्यावरचा चुना अजून दिसत होता. दिवस बुडायच्या आत बांध कंबरभर उभा राहिला आणि विहीर पुन्हा वीस हात आत आली. लालमियाँनंही दोन पाट्या माती टाकली. लिंबाखालून श्रीपती कधी गेला, कळलंसुद्धा नाही. सोनूबाईनं शब्द पाळला. गोळा दिला.

आता शहाण्यांनी यातून काय शिकावं? गाव हे शिकलं: गोळ्याची हलगी लावून मिरवणूक निघाली. रामरावांनी भाषण केलं, की बॉम्ब शिवेवर नेताच निंबोरी पळाली. गुरुजींनी शाळेच्या फळ्यावर समतोल असा शब्द लिहून पोरांकडून दहा वेळा गिरवून घेतला. ज्यांनी स्वतःच्या हातांनी माती ओढली होती, त्यांनीही माना डोलावल्या. हाताला फोड आलेले असताना माणूस इतकं खोटं ऐकून कसं घेतो, हे सोनूबाईला उमगेना.

पुढच्या चैत्रात शीवफेरी निघाली नाही. वैशाखात श्रीपतीनं तीन हात बांध कोरला.

सोनूबाई चावडीत गेली. कोनाड्याला आता लालमियाँकडून करून घेतलेलं लोखंडी दार होतं. दारापुढं घोंगडीवर दोन धडधाकट माणसं काठ्या घेऊन बसली होती. त्यातला एक तिच्या जावेचा मुलगा भुजंग.

"तू कवाधरनं हितं, भुजंगा?"

"दिवाळीपासनं. दिवसभर आमी दोघं, रात्री दुसरे दोघं. गाव घरटी ज्वारी देतंय." तो जरा ओशाळला. "तुझ्याच भ्यानं बसवलंय, काकू."

सोनूबाईनं त्या दोघांकडं नीट पाहिलं. दोन तरणे गडी, दोन काठ्या, आणि करायला दिवसभर काही नाही.

"श्रीपती परत शिरलाय," ती म्हणाली. "अशीच घोंगडी टाकून आठ दिवस माझ्या बांधावर बसा. तुमी दोघं बसला तरी त्यो फिरकायचा न्हाई."

भुजंगला ते पटलं. पटलेलं त्याच्या तोंडावर दिसलं. तो अर्धा उठलाही. मग त्याची नजर त्या लोखंडी दाराकडं गेली आणि तो पुन्हा खाली बसला.

"मंग बॉम्ब कोन राखंल, काकू?"