भेगेचं वय

सव्वीस वर्षं मी इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात प्राचीन इजिप्तचं पुरातत्त्व शिकवते आहे, आणि मी नेमकं काय करते हे आमच्या वाडीला मला कधीच धड सांगता आलं नाही. आई मात्र बिनधास्त सांगायची. "आमची वैशू माती वाचते," म्हणायची, आणि ऐकणाऱ्याचे डोळे विस्फारले की पदर सारखा करून पुढच्या कामाला लागायची.

आमची वाडी म्हणजे उंबरखोंड. पोलादपूरच्या वर डोंगरात, एकवीस घरं. त्या एकवीस घरांतली पहिली पदवीधर मी. महाडचं कॉलेज, मग पुणं, मग परदेश. दर हिवाळ्यात नाईलच्या पश्चिम काठावरच्या टेकड्यांत उत्खनन, बाकीचे महिने वर्गात. साडेतीन हजार वर्षांपूर्वी मेलेला एखादा कारकून काय खात होता, कुठल्या दातानं बेजार होता, हे मी तासभर सांगू शकते. सख्ख्या आईची दाढ कधी काढली ते मला सहा महिन्यांनी कळलं होतं.

पाच वर्षांपूर्वी गावकीनं माझा सत्कार केला. शाल, नारळ, वर्तमानपत्रात चार ओळी. "माती कशी वाचतात ती दाखव गो," असं कुशाबाकाका म्हणाले. कुशाबाकाका म्हणजे वाडीचे गावकर. गावकीत शेवटचा शब्द त्यांचा आणि देवापुढं गाऱ्हाणं घालायचा मानही त्यांचा. मग काय, मला शेखी मिरवायला निमित्तच मिळालं. आमच्या घरामागं शोषखड्डा खणला होता, सगळी वाडी मी त्याच्या काठावर उभी केली. हा काळा पट्टा बघा, इथं कुणीतरी पेरणीआधी पालापाचोळ्याचा राब भाजला होता. ही वरची तांबडी माती डोंगरावरून आलेली. "कधी आली?" काकांनी विचारलं. "शंभर-दीडशे वर्षं तरी झाली," मी रुबाबात म्हटलं. माणसं तोंडाचा आ करून बघत होती. ती माती डोंगरावरून का आली असेल, हे कुणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही.

त्या दिवशी माझ्या मागे मागे होती ती श्रुतिका, माझ्या धाकट्या भावाची, सुनीलची लेक. तेव्हा चौदा वर्षांची होती. आई लहानपणीच गेलेली, आजीच्या अंगाखांद्यावर वाढलेली. फोटोत शेजारी मोजपट्टी ठेवायची, म्हणजे वस्तू केवढी ते बघणाऱ्याला कळतं, हे मी तिला शिकवलं. त्यानंतर कार्टी भाकरीचासुद्धा पट्टी ठेवून फोटो पाठवायची. दहावीला पंच्याऐंशी टक्के मिळाले तेव्हा तिनं फोनवर जाहीर केलं की मी आत्यासारखी होणार. सुनील मागून ओरडला, "आत्यासारखी झालीस तर मला कोण बघणार?"

गेल्या जुलैत पाऊस आठ दिवस थांबला नव्हता. सुनील महाडच्या औद्योगिक वसाहतीत कामाला, आठवडाभर तिकडंच राहायचा. तलाठी वाडीत येऊन सांगून गेला की डोंगराला भेग दिसते आहे, खाली शाळेत राहायला चला. लावणीचे दिवस, गोठ्यात गुरं. कुणाला जायचं नव्हतं. शेवटी श्रुतिकानंच घरात आजीपाशी तोडगा काढला, आत्याला विचारू या. तिनं भेगेचा फोटो पाठवला, शेजारी पट्टी ठेवून, आणि सोबत आवाजात निरोप.

तो फोटो मी अर्धं मिनिट बघितला असेल. त्या सकाळी आमच्या विभागाच्या नशिबाचा निकाल होता. विद्यापीठाला पैसे वाचवायचे होते, इजिप्त बंद करायचं होतं, आणि मी भाषण पाठ करत होते. मेलेल्यांविषयी जिवंतांची जबाबदारी, असा काहीतरी माझा मुद्दा होता. फोटोतल्या भेगेच्या कडा झिजून गोल झालेल्या दिसल्या, आत शेवाळ धरलेलं दिसलं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. आवाजातच उत्तर पाठवलं की भेग जुनी आहे, काळजी करू नका, आणि बैठकीला गेले. विभाग तरीही बंद झाला, फक्त शिकत असलेली मुलं पास होईपर्यंत आम्हाला ठेवलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी जेवणाच्या वेळेला डोंगर खाली आला. अकरा घरं गेली, चौदा माणसं. त्यांत माझी आई मैना, आणि श्रुतिका. आई सापडली. श्रुतिका नाही सापडली. तेराव्या दिवशी सगळ्यांच्या संमतीनं शोध थांबवला.

मी सहाव्या दिवशी पोचले होते. सातव्या दिवशी सरकारी भूवैज्ञानिक आला, चिखलात बसून त्यानं मला शांतपणे समजावलं. भेग जुनी होती हे खरंच होतं. म्हणजे डोंगर दोन-तीन वर्षं सरकत होता, दर पावसात तिच्यात पाणी मुरत होतं. "ताजी असती तर कदाचित निभावलं असतं," तो म्हणाला. भेगेचं वय मी बरोबर सांगितलं होतं.

आमच्या धंद्यात जुनं म्हणजे बिनधोक. जे पडायचं ते कधीच पडून गेलेलं असतं. पण हेही पूर्ण खरं नाही, आणि हेच मला जगू देत नाही. इजिप्तमध्ये पहिल्याच हिवाळ्यात आमच्या मजुरांच्या मुकादमानं मला शिकवलं होतं. थडग्याच्या छताला भेग दिसली की तिच्यावर जिप्समचा दोन बोटं रुंद ठिपका लावायचा आणि त्यावर तारीख घालायची. ठिपका तडकला, तर भेग चालते आहे, सगळ्यांनी बाहेर. इतकं सोपं. दर मोसमात मी स्वतःच्या हातानं असे चाळीस ठिपके लावते, ज्यांना आता काहीही होणार नाही अशा माणसांच्या छतांवर. श्रुतिकाला एवढंच म्हणायला हवं होतं, ओंजळभर सिमेंट कालव आणि उद्या सकाळी बघ. लोका सांगे ब्रह्मज्ञान.

हे मी कुणालाच सांगितलं नाही. परत गेले, एक सत्र शिकवलं. निबंध तपासले.

मग फेब्रुवारीत सुनीलचा फोन आला. "ताय, यंदा शिमग्याला पालखी नाचवायची नाय, नुसती बसवायची. गाऱ्हाणं मी घालणार हाय."

"कुशाबाकाका?"

"त्याचं नाव काढू नको. तलाठी जा बोलला, आन् ह्यानं उभ्या वाडीला सांगितलं, भेग जुनी हाय, कोन कुठं जायचं नाय. माझी पोर ह्याच्या शब्दावर राहिली. कोन बोलत नाय त्याच्याशी. बोलायचं बी नाय."

म्हणजे काकांनी माझं नाव घेतलंच नव्हतं. सात महिने.

मार्चमध्ये वीर स्टेशनला उतरले. रिक्षावाल्यानं चवदार तळ्याच्या गर्दीमुळं महाडबाहेरून नेलं आणि हायवेलगतच्या सरकारी शेडांपाशी सोडलं. उंबरखोंड आता तिथं राहतं, पत्र्याच्या वीस खोल्यांत. कुशाबाकाका शेवटच्या खोलीत, आणि तिच्या अलीकडची खोली रिकामी. शेजारी राहायला कुणी तयार नव्हतं. काका दारात दोर वळत बसले होते. गुरं वाहून गेली होती, तरी दावं वळत होते.

"आलीस?" ते म्हणाले. "बस. चाय करायला कोन नाय."

"काका, तुम्ही सांगितलं का नाहीत? श्रुतिकानं तुम्हाला माझाच निरोप दिला होता ना?"

"पोर धावत आली व्हती. आत्या बोलली, जुनी हाय." त्यांनी दोराला पीळ भरला. "मग मी बोललो. गावकर बोलला म्हंजी गावकराचा शब्द झाला. त्यात आनी तुझं नाव कशाला?"

"पण चूक माझी होती."

"आसंल. वाडीत एक पोर शिकलं, जगात नाव काढलं. चौदा गाडली, पंधरावी तू बी गाडू? मी दोन वर्सांचा पाव्हना. तोंड उघडू नको, वैशू. तुला आयेची शपथ हाय."

आई माझ्या शब्दावर विसंबून मेली होती, आणि तिचीच शपथ घालून मला वाचवत होता हा म्हातारा. मला रडू आलं आणि स्वतःची किळसही आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पालखी आली. ढोल नाही, नाच नाही. शेडांपुढच्या मैदानात चादर अंथरून देव बसवला. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या. मला खुर्ची दिली, ती मी घेतली नाही. काका लांब, सगळ्यांच्या मागं, बाभळीखाली उभे होते. सुनील नारळ घेऊन पुढं झाला. आठ महिन्यांत त्याचे सगळे केस पिकले होते.

"थांब," मी म्हटलं. "गाऱ्हाण्याआधी मला बोलायचं आहे."

गावकीत बायका बोलत नाहीत. पण मी परदेशातली बाई, मला मुभा होती. मी सांगितलं. फोटो मला पाठवला होता, भेग जुनी आहे हे मी म्हटलं होतं, काकांनी फक्त माझा शब्द पुढं सांगितला. मान त्यांचा आहे, तो त्यांना परत द्या.

मग बाभळीखालून आवाज आला, "खोटं बोलते ती. मला म्हाताऱ्याला बघून दया आली तिला."

आणि लोकांना ते पटलं! माना डोलल्या. रंगूबाई, जिचा मुलगा आणि सून गेली, ती माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "मैनाची लेक शोभतेस गो. पन दुसऱ्याचं पाप आपल्या डोक्यावर घेऊ नाय." सुनीलनंही माझ्याकडं मायेनं बघितलं. त्या मायेनंच माझा धीर सुटला. मी पर्समधून फोन काढला, निरोप शोधला आणि आवाज पूर्ण मोठा करून लावला.

"आत्या, परड्यामागं भेग पडलीय. पट्टी ठेवून फोटो काढलाय, तू शिकवलास तसा. तलाठी बोलला खाली शाळंत जा. आजी बोलते गुरं कुठं न्यायची. तू बघ नि सांग ना." मागं पावसाचा आवाज, आणि त्यातून आईचा, "जेवली का विचार गो तिला."

रंगूबाईचा हात माझ्या पाठीवर होता तिथंच थांबला.

मग माझा आवाज, घाईतला, शहाणा. "अगं, जुनी आहे ती. कडा बघ कशा गोल झाल्यात, आत शेवाळ आहे. दोन-तीन पावसाळे झालेत तिला. काळजी करू नका. मला बैठक आहे, ठेवते."

मग पुन्हा श्रुतिका, हसून. "ओके आत्या. कुशाबाआजोबांना सांगते. मग आम्ही हितंच राहतो."

संपलं. मी मान खाली घालून उभी होते. आता कुणीतरी शिवी देईल, कुणीतरी अंगावर येईल, असं मला वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर मला तेच हवं होतं. पण सुनील पुढं आला आणि म्हणाला, "परत लाव."

मी लावलं.

"परत."

चौथ्यांदा लावलं तेव्हा तो खाली बसला होता आणि फोन त्याच्या कानाशी होता. "जेवली का विचार" आलं की तो डोळे मिटायचा. माझा आवाज सुरू झाला की फोन कानापासून लांब धरायचा, संपेपर्यंत, आणि पोरीचं "ओके आत्या" आलं की पुन्हा कानाला लावायचा. बायका रडत होत्या. मी काय कबूल केलं ते कुणाच्या लक्षात राहिलं होतं की नाही, कुणास ठाऊक.

मग तो उठला. नारळ उचलून सरळ बाभळीखाली गेला, तो काकांच्या हातात ठेवला आणि त्यांच्या पायांवर डोकं टेकलं. काका नको नको म्हणत होते. त्यानं त्यांचा दंड धरून त्यांना पालखीपुढं आणून उभं केलं. त्यांनी गाऱ्हाणं घातलं, एकेका मेलेल्याचं नाव घेऊन. माणसं "व्हय महाराजा" म्हणत होती. मीही म्हणत होते.

सगळं आटोपल्यावर मी सुनीलपाशी गेले. तो खोलीच्या पायरीवर बसला होता, फोन मुठीत. माझ्या तोंडून एवढंच आलं, "सुनील, मी..."

"हा माझ्याकडं राहू दे," तो फोनकडं बघत म्हणाला. "दुसरा घे तू." मी मान डोलावली.

"कसा उघडायचा तेवढं सांग."

मी आकडे सांगितले. त्यानं ते माझ्यासमोर एकदा दाबून बघितले, फोन उघडला, बंद केला.

"आता जा, ताय," तो म्हणाला. "आन् परत येऊ नको."